चाकाची गोष्ट – भाग ७ : टायरमधला चीक

गेल्या भागात टायरमध्ये हवा किती भरावी ते पाहिलं. तेव्हा ट्यूबलेस सायकलीचा विषय निघाला होता, तो जागेअभावी राहिला. आज तोच घेऊ.

स्कूटरमुळे ट्यूबलेस टायर आपल्या ओळखीचा झाला. खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, गाडी गॅरेजपर्यंत नेता येते आणि तिथे रबराची पट्टी खुपसली की काम झालं. सायकलचंही असंच असेल, असं आपण धरून चालतो. पण स्कूटरच्या टायरला आतून ब्युटिल जातीच्या रबराचं अस्तर असतं आणि ते हवा धरून ठेवतं. सायकल पायांनी ओढायची, म्हणून तिचा टायर हलका आणि पातळ. बहुतेक टायरना हवा धरण्यापुरतं अस्तर नसतंच. नुसती हवा भरली तर ती टायरच्या भिंतींतून झिरपत राहते. म्हणून आत पांढरा, दुधासारखा दिसणारा द्रव ओततात. तेच सीलंट. काट्याचं भोक बुजवण्याआधी मुळात टायर हवाबंद करणं, हे त्याचं काम.

हे फार जुनं नाही. डनलॉपने हवेचा टायर आणला 1888 मध्ये, आणि पुढे शंभरएक वर्षं सायकलवाल्याने ट्यूब, सोल्युशन आणि पाण्याचं घमेलं यांवरच भागवलं. 1999 मध्ये माविक या फ्रेंच कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सन या टायरवाल्यांना सोबत घेऊन डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस चाक काढलं. त्याला सीलंटची गरज नव्हती, पण टायर जड होता आणि त्याला रिमही खास लागे. त्यानंतर दोनेक वर्षांत अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक नावाच्या गृहस्थाने वेगळी वाट धरली. साधी रिम, आऱ्यांची भोकं झाकायला आतून चिकटपट्टी आणि टायरमध्ये रबराच्या चिकाचं मिश्रण. ही युक्ती चालली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत थोड्याफार फरकाने तेच असतं.

हा रबराचा चीक पाहायला सिंधुदुर्गातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. वालावलहून निघून सावंतवाडी ओलांडली की दोडामार्गाच्या बाजूला रबराच्या बागा लागतात. तिथे पहाटे झाडाच्या सालीला तिरकी चीर देतात आणि खाली वाटी बांधतात. पहाटेच, कारण तेव्हा झाडाच्या आतला दाब जास्त असतो आणि चीक जोरात वाहतो. दोन-तीन तासांत धार आपोआप थांबते. चिरेच्या तोंडाशी चीक साकळतो आणि नळ्या बुजतात. झाडाने स्वतःची जखम भरली. वाटीतला चीक पातळ ठेवायचा असेल तर त्यात अमोनिया घालतात. लाद्या करायच्या असतील तर फॉर्मिक आम्ल घालून तो गोठवतात.

सीलंटमध्ये हेच चालतं. चिकात रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि मिश्रण पातळ राहतं. ते तसंच राहावं म्हणून अमोनिया, पाणी लवकर उडू नये म्हणून ग्लायकॉल आणि भोकात अडकून बसतील असे तंतू किंवा बारीक कण. काटा घुसला की आतली हवा या द्रवाला भोकातून बाहेर रेटते. तंतू तोंडाशी अडकतात, त्यांच्यामागे रबराचे कण दाटतात, बाहेरच्या हवेत पाणी आणि अमोनिया उडून जातो, आणि बूच बसतं.

ते बसताना बघण्यासारखं असतं. नेरूरहून वालावलकडे जाणाऱ्या रस्त्यावर गडग्यावर रचलेल्या काटेरी फांद्या पावसाळ्याच्या तोंडाला खाली येतात. करवंदीचा काटा सरळ, ताठ आणि सुईसारखा टोकदार असतो. तो टायरमधून उपसला की आधी फुस्स आवाज आणि त्याबरोबर पांढऱ्या थेंबांची बारीक धार. अशा वेळी भोक जमिनीकडे येईल असं चाक फिरवायचं, म्हणजे आतला द्रव तिथे साचतो. धारेचे बुडबुडे होतात, बुडबुड्यांचा फेस होतो आणि आवाज थांबतो. थोडी हवा गेलेली असते, ती पंपाने भरून पुढे निघायचं. कपड्यावर उडालेला थेंब मात्र लगेच पाण्याने पुसा. फणसाच्या चिकाची जी तऱ्हा, तीच याची. एकदा वाळला की धुण्याला दाद देत नाही. शिवाय ज्यांना रबराच्या चिकाची ॲलर्जी आहे त्यांनी बाटलीवरचं वाचूनच हात घालावा.

आता जाहिराती जे सांगत नाहीत ते. काटा, तार, बारीक काच यांची एक ते तीन मिलिमीटरची भोकं सीलंट भरवशाने बुजवतं. त्याहून मोठ्या भोकाला रबराची पट्टी खुपसावी लागते. जांभ्याच्या धारदार कपच्यावर टायरची बाजूची भिंत फाटली तर बाटलीभर सीलंटही वाहून जाईल. आणखी एक गोष्ट अनुभवी सायकलवालेही विसरतात. जितका दाब जास्त, तितकं बूच बसणं कठीण. डोंगरी सायकलच्या रुंद टायरमध्ये पंचवीस पीएसआय दाब असतो, तिथे भोक चटकन बुजतं. रस्त्यावरच्या अरुंद टायरमध्ये ऐंशी-नव्वद भरले की बूच धरायच्या आतच हवा ते उडवून लावते. म्हणून अरुंद टायरवाल्यांनी सीलंटपेक्षा थोडा रुंद टायर आणि कमी दाब यांचा विचार आधी करावा, असं माझं मत.

दगडावर चाक आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेमटते आणि जोडभोकं पडतात, ते दुखणं मात्र ट्यूबच नसल्याने संपतं. कोकणातल्या पावसाळी खड्ड्यांत हा फायदा मोठा आहे. ओल्या रस्त्यावर पंक्चरं वाढतात तीही उगाच नाही. पाण्याने रबर निसरडं होतं आणि धारदार कपची त्यात सहज शिरते. शिवाय पावसाचं पाणी सगळा कचरा वाहून रस्त्याच्या कडेला आणून टाकतं, आणि सायकलवाल्याची जागा तर तीच.

सीलंट किती घालायचं? अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरला 30 ते 45 मिलिलिटर, चाळीसच्या आसपासच्या टायरला साठ, डोंगरी सायकलच्या सव्वादोन इंची टायरला 90 ते 120. बाटली आधी चांगली हलवा, कण तळाशी बसलेले असतात. व्हॉल्व्हची आतली सुई काढून औषधाच्या सिरिंजने आत सोडायचं, मग हवा भरून चाक फिरवायचं आणि दोन्ही कुशींवर थोडा वेळ आडवं ठेवायचं. पहिल्यांदा टायर रिमवर चढवताना कडांना साबणाचं पाणी लावलं तर त्या खाचेत नीट बसतात. बसताना फटाक्यासारखा आवाज येतो, घाबरू नये.

खरी कटकट पुढे असते. चीक वाळतो. टायरमध्येही पाणी हळूहळू उडतं आणि उन्हात उभ्या सायकलीत ते लवकर उडतं. दोन ते सहा महिन्यांत आत नुसती रबराची साय आणि गोळे उरतात, आणि मालक समजत असतो की आपली सायकल पंक्चरमुक्त आहे. एप्रिल-मेमध्ये दर दोन महिन्यांनी तपासावं. त्याला उपकरण लागत नाही. व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक धरा, हवा सोडा, सुई काढा आणि झाडूचा एक स्वच्छ हीर आत घाला. टोकाला पांढरं ओलं लागलं तर ठीक. कोरडा आला तर बाटली आणा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाळलेला चीकही त्याच वेळी टोकरून काढावा, नाहीतर एके सकाळी हवाच आत जात नाही.

म्हणजे ट्यूबलेसने मेहनत संपत नाही, ती रस्त्यावरून घरी येते. हे ज्याला जमेल त्याने ते घ्यावं. ज्याची सायकल शाळेपर्यंत आणि बाजारापर्यंत जाते, त्याने जुन्या ट्यूबवरच राहावं. पंक्चर काढणारा गावागावात आहे आणि त्याचा हात बसलेला आहे. ट्यूबलेस चाक घेऊन त्याच्याकडे गेलात तर तो चाक फिरवून बघेल आणि रास्त प्रश्न विचारेल, ‘ट्यूबच नाय तर पंक्चर कसा काढूचा?’

म्हणूनच मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला लांब फेरीला निघणाऱ्या ट्यूबलेसवाल्याने पिशवीत एक साधी ट्यूब ठेवावीच. भिंत फाटली की टायर उतरवायचा, व्हॉल्व्ह काढायचा, फाटलेल्या जागी आतून जाड कापडाचा किंवा जुन्या टायरचा तुकडा लावायचा आणि ट्यूब घालायची. फक्त त्याआधी टायर आतून बोटांनी हळू चाचपून पाहा. सीलंटने जे काटे आजवर गुपचूप पचवलेले असतात, ते टोकं आत काढून तिथेच बसलेले असतात, आणि नवी ट्यूब फुगली की सगळे एकदम कामाला लागतात.

पुढच्या भागात : खारी हवा आणि सायकलची साखळी.