सीताफळ आणि जवळचा बाजार

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात घरच्याच माणसांनी सांभाळायची बाग सीताफळाची असावी, असे मला वाटते. नांदेडकडील अर्धापूरच्या केळीला बारमाही पाणी हवे. हे झाड मुरमाड रानातही तगते, आणि त्याचा पाला शेळीसुद्धा सहसा तोंडात धरीत नाही. पिठ्या ढेकणाचा उपद्रव तेवढा होतो; पण खोडाला चिकट पट्टी बांधली म्हणजे त्याची वरची वाट अडते. डोळे उघडून खाचा पिवळसर झाल्या की फळ उतरावे. दोनचार दिवसांत ते पिकते, आणि मग धक्का सोसत नाही. म्हणून दूरच्या पेठेपेक्षा आठवडी बाजारच बरा. आपले सेंद्रिय फळ स्वतः विकणाऱ्या लहान बागाईतदारावर २०१७ च्या अन्ननियमांनी प्रमाणपत्राची सक्ती केलेली नाही. फळ फसवे निघाले, तर गिऱ्हाईक पुढच्या बाजारी त्याच्याच पाटीपुढे येऊन उभे राहते.