शालेय प्रार्थनाकक्ष आणि ऐच्छिकता

इंग्लंडमधील शाळांत दैनंदिन सामुदायिक उपासना १९४४ च्या शिक्षण कायद्याने बंधनकारक झाली. तिचे स्वरूप प्रामुख्याने ख्रिस्ती असावे, असे १९८८ च्या कायद्याने ठरविले. पाल्यास तीतून वगळून घेण्याचा अधिकार मात्र पालकांस राहिला. एकविसाव्या शतकात तेथे रूढ झालेला प्रार्थनाकक्ष हा याहून निराळा प्रकार होय. स्थानिक चर्चचे स्वयंसेवक शाळेतील एखादी खोली काही दिवसांपुरती मागून घेतात व तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत लहान लहान कृतींची मांडणी करतात. कोठे मनातील अपराध आठवून खडा पाण्यात सोडावयाचा, कोठे कोणासाठी तरी चिठ्ठी लिहावयाची, कोठे नुसते स्वस्थ बसावयाचे. प्रार्थना करावी की केवळ चिंतन, हे विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे असते.

मधल्या सुट्टीत आपण होऊन येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु सबंध वर्गच तासाच्या वेळी शिक्षकासह तेथे आणला गेला, तर ही ऐच्छिकता कितपत उरते? भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८(३) अन्वये शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्यास, पालकाच्या संमतीवाचून, उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. तथापि संमतिपत्राने वर्गातील संकोच थोडाच जातो! त्याच तासास दुसऱ्या खोलीत दुसरे काम ठेवले, तर नकार देणाऱ्या मुलास सर्वांदेखत उठून जावे लागणार नाही.