किल्लारीवरचे आकाश आणि दहा किलोचा उपग्रह

लातूर-नांदेडकडे आकाशाविषयी बोलावयास उभे राहिले की पहिला प्रश्न जमिनीविषयी येतो, आणि ते साहजिकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसे नुकतीच निजली होती. त्यांतली सुमारे दहा हजार पुन्हा उठली नाहीत. पुढे २०२४ साली, २१ मार्च व १० जुलै रोजी, हिंगोलीकडे धक्के बसले, ते नांदेडातही जाणवले. दर धक्क्यानंतर कोणीतरी सांगतोच, "उपग्रहावरून आधीच कळले होते, दाबून ठेवले." युनियनच्या सभांतूनही आम्हांला हे ऐकावे लागते. तेव्हा उपग्रहाला कळते तरी काय, ते पाहू.

आपल्या डोक्यावर साधारण साठ किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत हवा अतिशय विरळ आहे. तेथे सूर्याचे अतिनील किरण अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोकळ्या विद्युत्कणांचा हा जो पट्टा, तो आयनांबर. सिलोन रेडिओची गाणी समुद्र ओलांडून मराठवाड्यात ऐकू येत, ती याच पट्ट्यावरून परतून.

हे इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.मधील विद्यार्थ्यांनी 'प्रथम' नावाचा उपग्रह बांधला. वजन अवघे दहा किलो, म्हणजे घरातल्या पिठाच्या डब्याएवढे! २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून तो साडेसहाशे किलोमीटरांच्याही वर गेला. त्याची युक्ती सांगण्याजोगी आहे. उपग्रहाने एका ठराविक पातळीत डोलणारी रेडिओलहर खाली सोडावयाची. पृथ्वीच्या चुंबकत्वात वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून येताना त्या पातळीला दोरीसारखा पीळ पडतो. इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितका पीळ अधिक. पण पीळ कोठून सुरू झाला हे एका लहरीवरून कळणे कठीण. म्हणून लहरी दोन, सुमारे १४५ व ४३७ मेगाहर्ट्झच्या. कंपनसंख्या तिसऱ्या हिश्श्याची, तर पीळ नऊपट. दोन्ही पिळांतील फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते, याचा हिशेब लागतो. जमिनीवर हव्यात साध्या अँटेना, म्हणून इतर महाविद्यालयांनीही त्या उभाराव्यात अशी योजना होती. विज्ञानातली ही वाटणी आम्हांला फार भावते.

आता भूकंपाकडे येऊ. मोठा भूकंप झाल्यावर जमिनीच्या हेलकाव्याने हवा हलते, ती लाट वर चढते आणि काही मिनिटांत आयनांबरात तरंग उठतात. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपानंतर असे तरंग स्पष्ट नोंदले गेले. पण हे झाले नंतरचे. आपला प्रश्न आधीचा आहे.

त्यासाठीही उपग्रह गेले. २००३ साली अमेरिकेचा 'क्वेकसॅट', जेमतेम साडेचार किलोंचा. २००४ साली फ्रान्सचा 'डिमीटर', सुमारे १३० किलोंचा. डिमीटरने २०१० अखेरपर्यंत काम केले. हजारो भूकंपांच्या नोंदी एकत्र करून पाहता, रात्रीच्या वेळी धक्क्याच्या काही तास आधी एका विशिष्ट पट्टीतील रेडिओलहरी किंचित मंदावतात, असे सरासरीत दिसले. सरासरीत, हे ध्यानात ठेवावे. एकेका भूकंपापुरते ते ओळखता येत नाही. कारण आयनांबर सूर्याच्या तालावर रोजच वरखाली होते. दुपारचे इलेक्ट्रॉन पहाटेच्या कित्येक पट असतात. सौरवादळ आले तर विचारूच नका. गिरणीच्या मागखात्यात कोणी कानाशी पुटपुटावे, तसा हा प्रकार. त्यातून आपला प्रदेश अवघड जागी. चुंबकीय विषुववृत्त केरळ-तामिळनाडूवरून जाते, पण इलेक्ट्रॉनांची सर्वांत दाट रास त्याच्या उत्तरेस, गुजरात-माळव्याकडे साचते. आपण त्या चढावर बसलो आहोत.

तेव्हा १९९३ साली कोणा उपग्रहाला किल्लारीचे आधी कळले होते, हे खरे नव्हे. डिमीटर तर त्यानंतर अकरा वर्षांनी उडाला. आजही भूकंपाचा दिवस व गाव आधी सांगेल असा उपग्रह कोणापाशी नाही.

मात्र ही चंचल रास नीट ओळखावयाची तर एक उपग्रह पुरत नाही. तो आपल्या माथ्यावर येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत मावळतो. म्हणून २५ जून २०१९ रोजी तैवान व अमेरिकेने मिळून सहा उपग्रहांचा एक ताफा पाठविला. त्यांची वाट विषुववृत्तापासून दोन्हीकडे २४ अंशांपर्यंतच फिरते, आणि नांदेड १९ अंशांवर आहे.