पितळी पुंगळीचा काठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता, तिच्यात ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा उपयोगात आणण्याचा, ज्याला इंग्रजीत रीलोडिंग म्हणतात, तो उद्योग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निशाणबाजांच्या आणि शिकाऱ्यांच्या कार्यशाळांतून पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, आणि त्याच्या साहित्याचे कारखानेही तेथेच वाढले आहेत. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलची आर.सी.बी.एस. १९४३ साली सुरू झाली, विस्कॉन्सिनमधील हार्टफर्डची ली प्रिसिजन १९५८ साली. कनेक्टिकटमधील लायमन तर १८७८ पासूनची. या उद्योगाच्या अनेक पायऱ्यांपैकी पुंगळीच्या तोंडाला आतून चॅम्फर, म्हणजे तिरका उतार, मारणे आणि बाहेरून बर, म्हणजे काठावर उभी राहिलेली धातूची कोर, काढणे ही पायरी दिसावयास अत्यंत क्षुल्लक आहे. परंतु तिच्याविषयी आणि तिच्यासाठी घ्यावयाच्या हत्यारांविषयी जितके चुकीचे ग्रह प्रचलित आहेत, तितके दारूच्या वजनाविषयीही नसतील. सबब त्यांची एकेक करून छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : चॅम्फर प्रत्येक भरणीच्या वेळी मारलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : पुंगळीचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचा लवचीक मिश्रधातू होय. बार उडताना पुंगळी फुगून बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला टेकते, पुढे डाय नावाच्या साच्यात दाबून पूर्वीच्या मापास आणताना तिचे पितळ मानेकडे सरकते, आणि अशा रीतीने पुंगळी थोडथोडी लांबत जाते. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे. ती ओलांडली तर पुंगळीचे तोंड चेंबरच्या टोकाशी अडकून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. म्हणून ती २.००५ इंचांपर्यंत कापून घेण्याचा प्रघात आहे. हे कापताना तोंडाच्या आतील आणि बाहेरील काठावर पितळाची सूक्ष्म बर उभी राहते, आणि ती दूर करण्यापुरतेच चॅम्फरच्या हत्याराचे प्रयोजन आहे. कोऱ्या पुंगळीला पहिल्या भरणीपूर्वी एकदा आणि त्यानंतर प्रत्येक ट्रिमिंगनंतर, म्हणजे कापणीनंतर, एकदा, एवढे पुरते. मध्यंतरीच्या भरणीत पुंगळी कापलेली नसेल, तर तिच्या तोंडाला हत्यार लावण्याचे कारणच उरत नाही.

गैरसमज : आतला काठ जितका धारदार, तितकी गोळी सुलभपणे बसते.

वस्तुस्थिती : या एका समजुतीने जितक्या पुंगळ्या अकाली निकामी होतात, तितक्या दुसऱ्या कशाने होत नसाव्यात. रायफलच्या पुंगळीच्या मानेची भिंत मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड असते. तिला आतून आणि बाहेरून उतार देता देता दोन्ही उतार एकमेकांस भिडले, म्हणजे तोंडाला सुरीसारखी धार येते, आणि तो पातळ काठ हाताळणीत वाकतो, चिरतो, आणि भेग पडावयास तेथूनच प्रारंभ होतो. चॅम्फरचा हेतू गोळीच्या बुडाला मानेत शिरावयास वाट मोकळी करून देणे आणि तिचे तांब्याचे वेष्टन खरवडले जाऊ न देणे, एवढाच आहे. हत्यार हलक्या दाबाने दोन-तीन वेळा फिरवल्यावर उजेडात पाहावे : आतला उतार चकचकीत दिसला आणि त्याच्या बाहेर तोंडाची सपाट कडा सर्वत्र सारख्या रुंदीने शिल्लक राहिली, तर काम झाले. कडा नाहीशी झाली, तर काम बिघडले.

गैरसमज : आतील चॅम्फर महत्त्वाचा, बाहेरची बर राहिली तरी चालते.

वस्तुस्थिती : दोहोंची कामे भिन्न आहेत. आतील बर गोळीला ओरखडते. बाहेरील बर डायच्या आतल्या भिंतीला घासते, पुंगळी चेंबरमध्ये सरळ बसू देत नाही, आणि सुटून पडली तर तिचा कण नको तेथे रुततो. म्हणूनच विल्सन कंपनीच्या वळणाचे जुने हातहत्यार दोन्ही बाजूंनी उपयोगी पडेल असे घडवलेले असते : एका टोकाने आतला उतार, उलटे करून दुसऱ्या टोकाने बाहेरचा काठ. बाहेरच्या काठाला मात्र स्पर्श आणखी हलका हवा, कारण तेथे उताराची गरज नाही. नख फिरवले असता अडखळू नये, एवढेच पाहावयाचे.

गैरसमज : व्ही.एल.डी. नावाचे तीव्र उताराचे हत्यार साध्या हत्यारापेक्षा सर्वथा श्रेष्ठ.

वस्तुस्थिती : नेहमीचे हत्यार सुमारे ४५ अंशांचे म्हणून, तर व्ही.एल.डी. हत्यारे २२ ते २८ अंशांची म्हणून विकली जातात. दुसऱ्या प्रकारात उतार लांब आणि सौम्य होतो, आणि हवेचा अत्यल्प अवरोध व्हावा म्हणून घडवलेल्या लांब गोळ्या नाजूकपणे बसवण्यास तो खरोखरच उपकारक ठरतो. सपाट बुडाच्या गोळीलाही, तिचे बूड निमुळते नसल्यामुळे, असा सौम्य प्रवेश मानवतो. परंतु बोट-टेल, म्हणजे निमुळत्या बुडाची, साधारण गोळी आपण होऊनच तोंडात शिरते. तिला साधा चॅम्फर पुरेसा आहे. शिवाय लांब उताराचे हत्यार जरा जोराने फिरले तर मानेत खोलवर जाते आणि भिंत अधिक अंतरापर्यंत पातळ करते. तेव्हा कोणती गोळी भरावयाची हे आधी ठरवावे आणि उताराची निवड त्यावरून करावी.

गैरसमज : यंत्रावर चालणारे हत्यार हाताच्या हत्यारापेक्षा अचूक असते.

वस्तुस्थिती : यंत्र वेग देते, अचूकपणा त्याच्या मांडणीवर अवलंबून राहतो. महिन्याकाठी पन्नास-शंभर पुंगळ्या तयार करणाऱ्या इसमाला दोन बोटांत धरून फिरवावयाचे साधे हत्यार पुरे, आणि पितळाच्या काठावरचा दाब बोटांना जसा कळतो तसा मोटारीला कळत नाही. हजारोंच्या संख्येने काम असेल तेथे हात दुखतात, लक्ष ढळते, आणि म्हणून मोटारीची आवश्यकता खरी ठरते. इलिनॉयमधील लानार्कच्या फॉर्स्टरचा तिहेरी कटर किंवा जिराउडचा कार्बाइड पात्याचा ट्रिमर कापणे, आतला चॅम्फर आणि बाहेरची बर ही तिन्ही कामे एकाच फेरीत उरकतो. पण पाते बसवताना झालेली लहानशी चूक येथे एका पुंगळीपुरती न राहता सबंध ढिगाला भोवते. त्यामुळे पहिल्या चार-पाच पुंगळ्या कॅलिपरने मोजून आणि भिंगाखाली पाहून खातरजमा केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ठरावीक खोलीवर थांबणारे हत्यार पुंगळीच्या बुडापासून माप घेत असेल, तर लांब पुंगळीला अधिक आणि आखूड पुंगळीला कमी चॅम्फर बसतो. म्हणून सर्व पुंगळ्या एका लांबीच्या केल्यावाचून अशा हत्याराला हात लावणे व्यर्थ आहे.

गैरसमज : कार्बाइडचे पाते घेतल्याशिवाय तोंड गुळगुळीत होत नाही.

वस्तुस्थिती : पितळ हा पोलादाच्या मानाने मऊ धातू आहे, आणि हायस्पीड स्टीलचे चांगले धार लावलेले पाते ते स्वच्छ कापते. कार्बाइडची धार अधिक काळ टिकते, परंतु ते ठिसूळ असते. फरशीवर पडले तर त्याचा टवका उडू शकतो. काठावर लाटांसारखे चरे उमटतात, ज्याला कारागीर चॅटर म्हणतात, त्याचे कारण बहुधा धातू नसून हत्यार तिरके धरणे, जास्त जोर लावणे किंवा बोथट धार हे असते. अधिक दातांचा कटर पुंगळीच्या काठाला एकाच वेळी अधिक ठिकाणी टेकतो, म्हणून तो सहसा कमी थरथरतो. खरेदी करताना पात्याच्या नावापेक्षा त्याचे दात समान आहेत काय आणि ते मधोमध फिरते काय, हे पाहावे.

गैरसमज : पिस्तुलाच्या पुंगळ्यांनाही हाच नियम लागू.

वस्तुस्थिती : ९ मिलिमीटर लुगर आणि .४५ ए.सी.पी. यांसारख्या जवळजवळ सरळ भिंतीच्या पुंगळ्या चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या काठावर टेकून स्थिर होतात. तो काठच त्यांचा हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये पुंगळी किती खोल बसते ते माप, ठरवतो. शिवाय भरणीच्या वेळी त्यांचे तोंड डायने किंचित फाकवले जाते, त्यामुळे गोळी आत जाण्यास निराळ्या उताराची जरुरी बहुधा पडत नाही. तेथे खोल चॅम्फर मारणे म्हणजे पुंगळीचा आधारच झिजवणे होय.

गैरसमज : चॅम्फरचे हत्यार असले म्हणजे टोपीच्या खळग्याचे काम त्यानेच भागते.

वस्तुस्थिती : मिसूरीतील इंडिपेन्डन्स येथील लेक सिटीसारख्या सैनिकी कारखान्यांत टोपी निसटू नये म्हणून पुंगळीच्या बुडातील तिच्या खळग्याचा काठ आत दाबलेला असतो. तो चॅम्फरच्या हत्याराने कापणारे पुष्कळ आहेत, पण खोलीला आळा नसल्यामुळे खळग्याचे तोंड प्रमाणाबाहेर रुंदावते आणि टोपीला आधार उरत नाही. या कामासाठी खास रीमर, किंवा धातू न कापता दाबून काठ मागे सारणारे स्वेजचे साधन घ्यावे.

गैरसमज : अमेरिकेत चालते ते सर्वत्र मोकळे आहे.

वस्तुस्थिती : अमेरिकेत केवळ स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघीय परवाना लागत नाही, विक्रीच्या धंद्यासाठी लागतो. परंतु तेथेही अस्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकास शस्त्र वा काडतूस बाळगण्यास संघीय कायद्याने सामान्यतः मनाई आहे, आणि वैध शिकार-परवान्यासारखे अपवाद थोडेच आहेत. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी मंडळींनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, ज्याने कमीत कमी पितळ जाते आणि तेही सर्व पुंगळ्यांवरून सारखेच जाते, तेच हत्यार उत्तम. त्याची किंमत, मोटार आणि मुलामा या गोष्टी दुय्यम होत. ज्यांना हे काम कायद्याने मोकळे आहे, त्यांनी हत्यार घेण्यापूर्वी आपली गोळी, आपली पुंगळी आणि आपल्या कामाचे प्रमाण निश्चित करावे, डोळ्यांवर चष्मा लावून काम करावे, आतले पितळाचे कण झटकल्याशिवाय दारू घालू नये, आणि जुन्या टोप्यांत शिशाचा अंश असल्यामुळे काम संपताच हात धुवावेत.