गिरणी गेली, रस्ता तोच!

गिरणगावातील रस्ते अरुंद होते. रुंद असण्याचे कारणच नव्हते. भोंगा झाला की कामगार चाळीतून पायी निघे, आणि तेही तीन पाळ्यांत विभागून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले: मोकळी जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य ठरविला. मग धुराड्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले. तेथील नोकरदार विरार-कल्याणहून येतो, आणि सारे एकाच घटकेला येतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. पावसाला दोष देणे सोयीचे होते! जमिनीचा वापर बदलताना तेथे रोज किती पावले पडतील, हे आधी कोणी मोजले होते काय, असा आमचा रोकडा सवाल आहे. ज्या थोड्या गिरण्यांच्या आवारांत अद्याप इमारती उठलेल्या नाहीत, तेथे तरी आरपार सार्वजनिक रस्ता दाखविल्यावाचून महापालिकेने एकही नकाशा मंजूर करू नये.