चिडाच्या रोपाला ऊन हवं

मे महिन्यात काठगोदामहून अल्मोड्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिडाची (हिमालयातल्या पाइनची) सरळसोट झाडं दिसतात आणि त्यांच्या बुडाशी तांबूस सुयांचा थर. उत्तराखंडातल्या कुमाऊंत या सुयांना पिरुल म्हणतात. उतारावर पिरुलावर पाऊल पडलं की पाय घसरतोच. पर्यटक मान वर करून शेंडे बघतात. वनरक्षकाची नजर मात्र खाली असते. पन्नास वर्षांनी इथे जंगल असेल का, ते त्याला खालचं बघून कळतं.

चिडाचा लाकडी शंकू पिकायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचे खवले उघडतात आणि कागदासारखा पातळ पंख असलेलं बी भिरभिरत खाली येतं. त्यातलं बरंचसं पाखरं आणि उंदीर फस्त करतात. उरलेलं पावसाची वाट बघत पडून राहतं. पाऊस सुरू झाला की कोंब वर येतो: दहा-बारा कोवळ्या हिरव्या सुयांचा झुबका आणि त्याच्या टोकावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. पहिल्या वर्षी रोप उंचीला फारसं वाढत नाही. सगळा जोर मुळावर. पुढच्या उन्हाळ्याआधी मूळ खालच्या ओलीपर्यंत पोचलं तर रोप जगलं. पिरुलाचा थर जाड असेल तर मूळ मातीला लागण्याआधीच वाळतं.

माती मिळाली तरी ऊन लागतंच. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत चिडाचं पोर खुरटतं. म्हणून वनखात्याने बीजवृक्षांची पद्धत बसवली. खात्याच्या अनेक कार्ययोजनांत १२० वर्षांचा फेरा धरून जंगलाचे चार भाग पाडलेले असत. ज्या भागाची पाळी येई तिथे निरोगी, सरळ खोडाची, भरपूर बी धरणारी झाडं वीस-तीस मीटरांवर राखायची आणि बाकीची काढायची. रोपं उभी राहून मजबूत झाली की मग बीजवृक्षही काढायचे. रोपवाटिका नाही, खड्डे नाहीत. पेरणीचं काम वाऱ्याचं.

१९८१मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशाच्या डोंगरी भागात १,००० मीटरांवरची हिरवी झाडं तोडायला बंदी आली. त्यामागे चिपको आंदोलनाची पुण्याई होती आणि बेसुमार तोडीला लगाम घालणं गरजेचंच होतं. पण त्याबरोबर बीजवृक्षांच्या पद्धतीची पहिली पायरीही निखळली. जिथे छत्र दाट राहिलं तिथे म्हाताऱ्या झाडांखाली तरणी पिढी उभी राहत नाही. उघड्या, जळालेल्या उतारांवर मात्र चीड सहज पसरतो.

चीड आणि वणव्याचं नातंही असंच गुंतागुंतीचं. पिरुल जळालं की माती उघडी पडते, बियाला जागा मिळते. कोवळं रोप जळालं तरी कित्येकदा बुडातून पुन्हा फुटतं, पण आग वरचेवर आली तर तेही संपतं. म्हणून कडक उन्हाळ्याआधी, हिवाळ्यातच हलका जाळ करून घ्यायचा असतो. उन्हाळ्यात आग भडकली की काय होतं ते जून २०२४मध्ये बिनसर अभयारण्यात दिसलं: वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे चार जण जागीच गेले.

गावकऱ्यांचा सल वेगळाच आहे. १९११पासून ब्रिटिश सरकारने इथली जंगलं राखीव केली. चराईवर, जाळावर बंधनं आली. १९२१मध्ये कुमाऊंच्या लोकांनी ठिकठिकाणी जंगलं पेटवून राग दाखवला, त्यानंतर चौकशी समिती बसली आणि १९३१मध्ये गावाने जंगल सांभाळायच्या वनपंचायतींचे नियम झाले. आजही गावातल्या बायकांना बांज, म्हणजे हिमालयातला ओक, हवा असतो. बांजाचा पाला गुरं खातात. चिडाच्या सुयांना तोंड लावत नाहीत. बांजाखाली झरे टिकतात, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे वनाधिकाऱ्याला जिथे चिडाची दाट रोपं बघून समाधान वाटतं, तिथेच शेजारच्या गावाला काळजी वाटते, आणि ती काळजी कार्ययोजनेत पहिल्या पानावर यायला हवी.

पिरुल गावाच्याही उपयोगाचं आहे. बायका ते गोळा करून गोठ्यात गुरांखाली अंथरतात आणि पुढे त्याचं खत होतं. जिथून भारा उचलला जातो, तिथली माती मोकळी होते. पाऊस पडून गेल्यावर त्याच जागी वाकून बघितलं, तर बोटभर उंचीची रोपं सापडतात, काहींच्या डोक्यावर टरफलाची टोपी अजून तशीच.