इंजिनिअरिंग की बीबीए?

परवा एका आईने विचारलं, ‘मुलीला पुण्यात सीओईपीत इंजिनिअरिंग मिळतंय आणि पुणे विद्यापीठाचं बीबीएही. काय घ्यावं?’

मंडळी, हे दोन प्रश्न आहेत. आधी विद्यापीठाचा. सीओईपी १८५४ची संस्था, २०२२पासून स्वतंत्र विद्यापीठ. शिकवणं, परीक्षा, सगळं तिथेच. पुणे विद्यापीठाचं बीबीए मात्र बहुतेक संलग्न कॉलेजांत चालतं. पदवीवर नाव विद्यापीठाचं, शिकवणार कॉलेज. म्हणून तिथे कॉलेज बघायचं.

आता पदवी. कॅट कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, म्हणजे इंजिनिअरला पुढे एमबीए करता येतं. बीबीएनंतर बी.टेक. करायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. म्हणून लोक म्हणतात, ‘इंजिनिअरिंगच घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात.’ पण त्याची किंमत आहे चार वर्षं. गणिताची आवड नसेल तर केटी लागत राहतात, आणि तेच मार्क पुढे एमबीएच्या प्रवेशातही बघितले जातात.

म्हणून त्या आईंना मी एवढंच म्हटलं: दोन्हींच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलीसमोर ठेवा. कुठल्या विषयांबद्दल ती स्वतःहून प्रश्न विचारते, ते बघा. शिकायचं तिला आहे.